विंडोज ११ प्रो : छोट्या ऑफिसात परवानग्यांचा कारभार कसा चालतो?

निकाल आधी सांगतो : पाचापैकी साडेतीन. पाच ते वीस कॉम्प्युटर, वेगळा आयटीवाला नाही, सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातला जरा बरा डेस्कटॉप आणि काही अडलं की पासोड्या विठोबाजवळच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन. टिळक रोडवरची सीए ऑफिसं, नारायण पेठेतले डीटीपीवाले, भोसरी एमआयडीसीतली लहान युनिटं बहुतांशी अशीच चालतात. या सगळ्यांना विंडोज ११ प्रो पुरतं. त्यातली परवानग्यांची यंत्रणा भक्कम आहे. दीड गुण कापलाय तो ती यंत्रणा स्वतःबद्दल काहीच नीट सांगत नाही म्हणून. 'अॅक्सेस डिनाइड' एवढंच दिसतं. कुठल्या फोल्डरला, कोणत्या खात्याला आणि का, हे आपण शोधायचं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे सध्या बरीच ऑफिसं मशीन बदलताहेत आणि दुकानात स्वस्तातला लॅपटॉप म्हटलं की होम एडिशनच हातात पडते. ऑफिससाठी ती घेऊ नका. होममध्ये मशीनचे नियम ठरवायचा ग्रुप पॉलिसी एडिटर नाही, सुरक्षेचे नियम ठरवायची लोकल सिक्युरिटी पॉलिसी नाही, खाती आणि गट सांभाळायची खिडकी नाही आणि त्या मशीनवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. आधीच होम असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, अॅक्टिव्हेशन इथून प्रोवर जाता येतं. पुन्हा फॉरमॅट करावं लागत नाही. बिल नीट मिळेल अशीच लायसन्स की (अॅक्टिव्हेशनचा कोड) घ्या. काहीशे रुपयांत ऑनलाइन मिळणाऱ्या की अनेकदा कुठल्या तरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या असतात आणि कधीही बंद पडू शकतात. मशीन एस मोडमध्ये आलं असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचं काहीच चढणार नाही. एस मोड फुकटात काढता येतो, पण काढला की परत येत नाही.

आता मूळ दुखणं. विंडोज सेटअप करताना जे पहिलं खातं बनतं ते अॅडमिन असतं आणि दहापैकी नऊ ऑफिसांत तेच खातं रोजच्या कामाला वापरलं जातं. विस्टाच्या काळापासून असलेलं यूएसी, म्हणजे स्क्रीन अंधारून येणारी ती चौकट, अशा खात्याला फक्त 'येस' विचारते, आणि 'येस' दाबायला कोणीच कचरत नाही. प्रत्येक मशीनवर दोन खाती ठेवा : एक अॅडमिन, ज्यात कोणी रोज लॉगिन करत नाही, आणि एक स्टँडर्ड, ज्यात काम चालतं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर यूजर्स, चेंज अकाउंट टाइप, एवढाच मार्ग आहे. क्रम मात्र पाळा. आधी नवं अॅडमिन खातं बनवा, त्यात एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो याची खात्री करा आणि मगच जुन्या खात्याला स्टँडर्ड करा. खात्री न करताच जुनं खातं स्टँडर्ड केलं आणि नवा पासवर्ड चुकला तर मशीनवर चालू अॅडमिनच उरत नाही, कारण विंडोजमधलं मूळचं अॅडमिनिस्ट्रेटर खातं मुळात बंद असतं.

यूएसीची पट्टी खाली ओढून 'नेव्हर नोटिफाय' करणं हा आपल्याकडचा लाडका उपाय. स्टँडर्ड खात्यावर त्याचा परिणाम नेमका उलटा होतो : पासवर्ड विचारणंच बंद होतं आणि अॅडमिन लागणारी प्रत्येक विनंती गुपचूप नाकारली जाते. सेटअपवर डबल क्लिक केलं आणि काहीच घडलं नाही, तर आधी ही पट्टी बघा. ती वरून दुसऱ्या खुणेवर असावी.

स्टँडर्ड खात्यात काम करताना सगळ्यात जास्त घोळ घालणारी गोष्ट आता येते, आणि अनुभवी हार्डवेअरवालेही इथे चकतात. चौकटीत अॅडमिनचा पासवर्ड टाकून सेटअप चालवला की तो सेटअप त्या अॅडमिनच्या नावाने चालतो. लॉगिन केलेल्या माणसाच्या नावाने नाही. 'सगळ्यांसाठी' इन्स्टॉल होणारा प्रोग्रॅम असेल तर फरक पडत नाही, कारण तो प्रोग्रॅम फाइल्समध्ये जातो. पण सेटअप 'फक्त माझ्यासाठी' पद्धतीचा असेल तर तो अॅडमिनच्या अॅपडेटा या खाजगी फोल्डरमध्ये जाऊन बसतो, शॉर्टकट अॅडमिनच्या डेस्कटॉपवर उमटतो, आणि समोरचा माणूस म्हणतो, "इन्स्टॉल झालं म्हणे, पण दिसत कुठंय?" लायसन्स टाकलं तरी विसरलं जातं त्याचंही कारण बहुधा हेच, ते अॅडमिनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहिलं गेलेलं असतं. तसंच त्या माणसाचा मॅप केलेला (नेटवर्कवरचा फोल्डर जोडून बनवलेला) झेड ड्राइव्ह सेटअपला दिसत नाही, कारण मॅपिंग त्याच्या सेशनचं. म्हणून सेटअप फाइल नेटवर्क ड्राइव्हवरून चालवू नका. आधी सी ड्राइव्हवर एखाद्या फोल्डरात उतरवून घ्या.

उपाय सोपा आहे. जिथे मिळेल तिथे सगळ्या यूजर्ससाठीचा इन्स्टॉलर घ्या. व्हीएस कोडचे यूजर इन्स्टॉलर आणि सिस्टिम इन्स्टॉलर वेगळे मिळतात, क्रोम आणि झूमची ऑफिससाठीची एमएसआय फाइल मिळते. विंडोजबरोबर येणाऱ्या विनगेट या कमांडने सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना स्कोप मशीन दिला की हेच साधतं. मात्र प्रत्येक पॅकेज ते मानतंच असं नाही. विनगेट हा या सगळ्यातला सुखद भाग आहे. सेव्हन झिप, व्हीएलसी, पीडीएफ रीडर असली किरकोळ सॉफ्टवेअर नव्या मशीनवर एका बॅच फाइलने चढतात आणि डाउनलोडच्या भलत्याच बटणावर क्लिक होऊन येणारा कचरा टळतो.

याची दुसरी बाजू मालकांना आवडत नाही : 'फक्त माझ्यासाठी' पद्धतीचे प्रोग्रॅम अॅडमिन पासवर्डशिवाय चढतात. स्टँडर्ड खातं दिलं म्हणजे कोणी काहीच टाकू शकणार नाही, हा समज चुकीचा आहे. ते पूर्ण थांबवायचं तर कुठले प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणाऱ्या अॅपलॉकरचे नियम लिहावे लागतात. दहा मशीनच्या ऑफिसात त्याचा ताप जास्त, फायदा कमी.

जुन्या सॉफ्टवेअरचा प्रश्न वेगळा आहे. बिलिंग, पगारपत्रक, सोसायटीचा हिशोब यासाठी कोणी पंधरा वर्षांपूर्वी लिहून दिलेले प्रोग्रॅम पुण्यात अजून ठणठणीत चालू आहेत. ते स्वतःचा डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहायला बघतात. स्टँडर्ड खात्याला तिथे लिहायची परवानगी नाही, पण जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमना विंडोज एरर देत नाही. ते लिखाण गुपचूप त्या यूजरच्या अॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअल स्टोअर या फोल्डरात वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं सगळं ठीक आहे. मग सकाळच्या माणसाने केलेल्या नोंदी त्याच मशीनवर दुसऱ्या खात्यातून दिसत नाहीत, बॅकअपमध्ये सहा महिन्यांपूर्वीचाच डेटा निघतो, आणि 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' केलं की जुन्या नोंदी डोकं वर काढतात. डेटा उडाला म्हणून घाबरण्याआधी प्रत्येक यूजरचं व्हर्च्युअल स्टोअर उघडून बघा. सगळ्यात ताजी फाइल कुठली ते तारखेवरून ठरवा, तिची प्रत काढा आणि मगच पुढे हात लावा.

असा प्रोग्रॅम प्रोग्रॅम फाइल्सबाहेर, थेट सी ड्राइव्हवर स्वतःच्या फोल्डरात इन्स्टॉल करणं सोपं. ते जमत नसेल तर फक्त डेटा फोल्डरला परवानगी द्या : राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, यूजर्स गट निवडा आणि मॉडिफायवर टिक करा. फुल कंट्रोल नको, एव्हरीवन नको, आणि ज्या फोल्डरात प्रोग्रॅमची ईएक्सई आहे त्याला तर मुळीच नको. तिथे कोणालाही लिहिता आलं तर एखादा व्हायरस ती ईएक्सई बदलून ठेवतो आणि पुढच्या वेळी अॅडमिन स्वतःच्या हाताने तो चालवतो.

नेमका कुठला फोल्डर अडतोय ते कळत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं प्रोसेस मॉनिटर घ्या. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही. अॅडमिन म्हणून चालवा, फिल्टरमध्ये 'रिझल्ट इज अॅक्सेस डिनाइड' घाला, दुसऱ्या फिल्टरमध्ये त्या प्रोग्रॅमचं नाव, आणि मग स्टँडर्ड यूजरला नेहमीचं काम करायला सांगा. दोन मिनिटांत फाइलचा किंवा रजिस्ट्रीचा पूर्ण पत्ता समोर येतो. दिसणाऱ्या प्रत्येक ओळीला परवानगी देत सुटू नका. बरेच प्रोग्रॅम आधी जास्तीचे हक्क मागून बघतात, नाही मिळाले तर मुकाट्याने कमीवर भागवतात. काम जिथे थांबलं त्याच्या लगेच आधीची ओळ महत्त्वाची. विंडोजमध्ये हे साधन मुळात का देत नाहीत, हे कोडंच आहे.

उगाचच अॅडमिन मागणारेही प्रोग्रॅम असतात. त्यांच्यासाठी बॅच फाइलमध्ये दोन अंडरस्कोअरनी सुरू होणारं कॉम्पॅट लेअर हे व्हेरिएबल 'रन अॅज इन्व्होकर' असं सेट करून खालच्या ओळीत प्रोग्रॅम चालवा. चौकट येत नाही आणि गरज खोटी असेल तर प्रोग्रॅम छान चालतो. पासवर्ड साठवून ठेवणारा रनअॅज सेव्हक्रेड हा प्रकार काही जण आनंदाने शिकवतात; तो टाळा. एकदा साठवलेला पासवर्ड त्या खात्यातून कुठलाही प्रोग्रॅम अॅडमिन म्हणून चालवायला वापरता येतो.

टॅलीप्राइमबद्दल तक्रारी खूप येतात, पण बऱ्याचदा दोष फायरवॉलचा निघतो. नेटवर्कवर ऐकणारा प्रोग्रॅम अॅडमिनने पहिल्यांदा चालवला तर विंडोज परवानगी विचारतं. तोच प्रोग्रॅम स्टँडर्ड यूजरने पहिल्यांदा चालवला तर विचारणं होत नाही आणि बहुतेक वेळा थेट 'ब्लॉक'चा नियम तयार होतो. नंतर कोणी येऊन 'अलाऊ'चा नियम घालतं आणि तरी दुसऱ्या मशीनवरच्या टॅलीला (क्लायंटला) लायसन्स मिळत नाही, कारण ब्लॉक हा अलाऊवर भारी पडतो. फायरवॉलच्या अॅडव्हान्स्ड सिक्युरिटी खिडकीत इनबाउंड रूल्समध्ये त्या प्रोग्रॅमच्या नावाचे लाल खुणेचे नियम आधी पुसा, मग अलाऊ करा. लायसन्स वाटणाऱ्या टॅली गेटवे सर्व्हरचा नेहमीचा पोर्ट ९९९९ आहे. डेटा फोल्डर शेअर केला असेल तर शेअरिंगच्या आणि सिक्युरिटीच्या परवानग्या दोन्ही तपासा, दोन्हींत जी कडक ती लागू होते. शेअरला फुल कंट्रोल दिलं तरी सिक्युरिटीत फक्त रीड असेल तर व्हाउचर सेव्ह होणार नाही.

विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटनंतर जुना नॅस (नेटवर्कवरचा सामायिक साठा) किंवा राउटरला लावलेली हार्ड डिस्क दिसेनाशी झाली असेल तर परवानग्यांशी झटापट करू नका. या आवृत्तीपासून प्रो एडिशन एसएमबी सायनिंग (नेटवर्कवरच्या फाइल देवाणघेवाणीची सही तपासणं) सक्तीचं करते आणि पासवर्डविना गेस्ट प्रवेश नाकारते. नॅसचं फर्मवेअर अपडेट करा, त्यावर प्रत्येकाचं नाव-पासवर्डचं खातं बनवा. पॉलिसीतून ही सक्ती सैल करता येते, पण ज्या डिस्कवर सगळ्या क्लायंट्सचे पॅन आणि बँक स्टेटमेंट आहेत ती पासवर्डविना उघडी ठेवायची का, ते आधी ठरवा.

सीए ऑफिसांसाठी डिजिटल सहीच्या टोकनचं प्रकरण स्वतंत्र. टोकनचा ड्रायव्हर अॅडमिन खात्यातून एकदा चढवा. सर्टिफिकेट मात्र लॉगिन केलेल्या यूजरच्या साठ्यात दिसतं. सर्टमॅनेजर उघडून पर्सनलमध्ये नाव आहे का बघा. सहीचा प्रोग्रॅम दुसऱ्या अॅडमिनच्या पासवर्डने चालवला की तो त्या अॅडमिनच्या साठ्यात शोधू लागतो आणि 'सर्टिफिकेट नाही' म्हणतो. म्हणून इन्स्टॉल अॅडमिनने, वापर ज्याचा त्याने. दुसरा नेहमीचा घोळ : टोकन सर्व्हरला खोचायचं आणि आपल्या टेबलवरून रिमोट डेस्कटॉपने सही करायला जायचं. रिमोट सेशनला बसल्या जागेच्या मशीनचं स्मार्टकार्ड दिसतं, पलीकडे खोचलेलं दिसत नाही. टोकन तुमच्या पुढ्यातल्या मशीनला लावा आणि कनेक्शनच्या लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्टकार्डवर टिक ठेवा.

डीटीपीवाल्यांचा प्रश्न फॉन्टचा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून स्टँडर्ड यूजरला फॉन्ट टाकता येतो, पण तो त्याच्या एकट्याच्या अॅपडेटात जातो. नवे प्रोग्रॅम तो ओळखतात. पेजमेकरच्या काळातले अनेक प्रोग्रॅम फक्त विंडोजच्या मुख्य फॉन्ट्स फोल्डरातच बघतात. वर्डमध्ये फॉन्ट दिसतो आणि मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये चौकोन येतात, ते यामुळे. फॉन्ट फाइलवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा, पासवर्ड द्या आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीचे फॉन्ट वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनी नव्या मशीनवर हे पहिल्याच दिवशी उरकून घ्यावं.

प्रिंटर हा या उत्पादनाचा सगळ्यात कच्चा दुवा. २०२१ च्या 'प्रिंटनाइटमेअर' या प्रिंटिंगमधल्या सुरक्षा त्रुटीनंतर, त्या ऑगस्टपासून प्रिंटर ड्रायव्हर चढवायला अॅडमिन लागतो. शेअर केलेला प्रिंटर जोडताना स्टँडर्ड यूजर तिथेच अडकतो. रजिस्ट्रीतून ती अट उठवायचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण त्याने बंद केलेलं भगदाड पुन्हा उघडतं. त्यापेक्षा प्रत्येक मशीनवर अॅडमिनने सर्व्हरवर आहे नेमका तोच, त्याच आवृत्तीचा ड्रायव्हर आधी टाकून ठेवा. मग यूजरला जोडताना सहसा काही विचारलं जात नाही. नेटवर्क पोर्ट असलेला प्रिंटर असेल तर शेअरिंगच सोडा, प्रत्येक मशीनवरून थेट आयपीने जोडा. एररच्या शेवटी ११बी दिसलं तर दोन्ही मशीनची अपडेट्स सारखी आहेत का ते आधी बघा.

भोसरी-चाकणच्या शॉप फ्लोअरवर वेगळीच गरज असते : पीएलसीला (यंत्र चालवणाऱ्या कंट्रोलरला) जोडण्यासाठी लॅपटॉपचा आयपी दिवसातून चारदा बदलायचा. तेवढ्यासाठी इंजिनीअरला अॅडमिन करायची गरज नाही. त्याला 'नेटवर्क कॉन्फिगरेशन ऑपरेटर्स' गटात घाला, लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला लावा. गटातला बदल त्याशिवाय लागू होत नाही. आयपी बदलताना चौकट येईल, तिथे तो स्वतःचाच पासवर्ड देईल. पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सीमेन्सचं टीआयए पोर्टल असेल तर ते स्वतःचा 'सीमेन्स टीआयए इंजिनीअर' हा गट बनवतं, त्यातही त्याचं नाव हवं. घड्याळाचंही असंच : स्टँडर्ड यूजर टाइम झोन बदलू शकतो, वेळ नाही. मदरबोर्डचा सेल संपलेल्या मशीनवर तारीख मागे गेली की सरकारी पोर्टल सर्टिफिकेट एरर देतात आणि लोक ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करत बसतात.

सेटअप मध्येच पडला तर आकडा वाचा. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन चालू आहे, थांबा. १६२५ म्हणजे पॉलिसीने रोखलंय. १९२५ म्हणजे सगळ्यांसाठी टाकायला हक्क कमी. ७४० म्हणजे अॅडमिन म्हणून चालवा. ३०१० हा एरर नाहीच, फक्त रीस्टार्ट बाकी आहे. पण तो न करता पुढचा सेटअप लावला की तोही अडखळतो. गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात निदान असली कामं बुधवारी उरकावीत. सगळ्यात निरुपयोगी आकडा १६०३. त्याचा अर्थ 'काहीतरी बिनसलं' यापलीकडे नाही. एमएसआय सेटअप चालवणाऱ्या एमएसआयएक्झेक या कमांडला एल-तारा-व्ही हा पर्याय देऊन लॉग लिहून घ्या, लॉगमध्ये 'रिटर्न व्हॅल्यू ३' शोधा आणि तिथून वर वाचत जा. खरं कारण पाच-दहा ओळी वर सापडतं. ८००एफ०८१एफ आला तर जुन्या प्रोग्रॅमला डॉटनेट ३.५ हवंय आणि विंडोजला त्याच्या फाइल्स मिळत नाहीयेत. इंटरनेट चालू ठेवून विंडोज फीचर्समधून टिक करा. मेलने किंवा नेटवरून आलेली सेटअप फाइल कुरकुर करत असेल तर ती कुठून आली याची खात्री करा आणि मगच प्रॉपर्टीजमध्ये तळाशी 'अनब्लॉक' करा. अनोळखी प्रोग्रॅम रोखणारं स्मार्ट अॅप कंट्रोल चालू असेल तर एका प्रोग्रॅमपुरती सूट देता येत नाही, हे त्याचं मोठंच न्यून.

अॅडमिन पासवर्डचं काय? एप्रिल २०२३ पासून विंडोजमध्येच आलेलं लॅप्स प्रत्येक मशीनचा अॅडमिन पासवर्ड आपोआप बदलून जपून ठेवतं. पण त्याला डोमेन (मध्यवर्ती सर्व्हरवरची खाती) किंवा एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची क्लाउडवरची खाती) लागतो. साध्या वर्कग्रुपवर, म्हणजे जिथे प्रत्येक मशीनची खाती स्वतंत्र असतात तिथे, ते चालत नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच नाही. अशा ऑफिसांनी प्रत्येक मशीनला वेगळा पासवर्ड द्यावा आणि तो मालकाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावा. मॉनिटरवर चिकटवलेला कागद आणि सगळीकडे 'अॅडमिन@१२३' हे दोन्ही बाद. वीसच्या वर मशीन गेली की मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस प्रीमियमचा विचार करा. त्यात मशीन दुरून सांभाळणारं इंट्यून येतं, ते ३०० यूजर्सपर्यंत घेता येतं आणि वरची बरीच कामं एका जागी बसून होतात. दर महिन्याचा खर्च मात्र आधी वेंडरकडून लेखी घ्या, आणि ज्यांना फक्त मेल लागतो त्यांच्यासाठी स्वस्त प्लॅन वेगळा मागा.